बिऱ्हाड हलवण्याआधी: नव्या शहरात जाणाऱ्यांसाठी

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण सहज म्हणून जातो. पण विंचवाला भाडेकरार करावा लागत नाही, पत्त्याचा पुरावा मागत कोणी बसत नाही, आणि फ्रीज तर त्याच्याकडे नसतोच. मी आतापर्यंत चार वेळा शहर बदललं. पहिल्यांदा एकटी, दोन बॅगा घेऊन. शेवटच्या खेपेला नवरा, शाळकरी मुलगी, सासूबाई आणि 57 खोके. पहिल्या वेळच्या चुका स्वस्तात निभावल्या, नंतरच्या चांगल्याच महागात पडल्या.

शहर बदलायचं म्हणजे सामान हलवायचं, अशी बहुतेकांची समजूत असते. सामान दोन-चार दिवसांत हलतं हो! दिनक्रम हलायला सहा महिने लागतात. म्हणून प्रत्येक निर्णयाआधी मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारते: तिथला आपला एखादा साधा मंगळवार कसा जाईल? सुट्टीचा दिवस नको, पाहुणे आलेला दिवसही नको. नुसता मंगळवार.

1. अटी कागदावर घ्या

नोकरीसाठी जात असाल तर नियुक्तीपत्र हातात पडल्याशिवाय जुनं घर सोडू नका. फोनवरचं 'तुम्ही या हो, बाकीचं बघू' याला काही किंमत नसते. पत्रात रुजू व्हायची तारीख, परिवीक्षेचा काळ, नोटिशीची मुदत आणि स्थलांतराचा खर्च कोण करणार हे हवं. 'स्थलांतराचा खर्च' म्हणजे नेमकं काय तेही विचारा: फक्त तिकिटं, की सामान आणि सुरुवातीचे दोन आठवडे राहण्याची सोयही?

एक कलम शोधून वाचा. ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडली तर हा खर्च परत करावा लागेल, असं अनेक पत्रांत लिहिलेलं असतं. सही करण्याआधी कळलं तर त्यावर बोलता येतं.

2. खर्चाचा कागद, आणि त्यात तासांचा रकाना

दोन्ही शहरांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. पगार हातात येणारा धरा, पत्रातला नाही. भाडं, वीज-पाणी, प्रवास, शाळा, औषधं. बाहेरच्या तुलनात्मक याद्या दिशा दाखवतात, पण त्या तुमच्या घराच्या नसतात. तुमच्याकडे मूल नसेल तर शाळांच्या फीने महाग ठरलेलं शहर तुम्हाला परवडूही शकेल.

आता तासांचा रकाना. समजा एक घर ऑफिसपासून 20 मिनिटांवर आहे, दुसरं 50 मिनिटांवर आणि दुसऱ्याचं भाडं कमी आहे. रोजचा फरक जाऊन-येऊन 60 मिनिटं. महिन्याचे कामाचे दिवस 22 धरले तर 22 तास. 11 महिन्यांत 242 तास, म्हणजे आठ तासांचे 30 कामाचे दिवस. भाड्यात वाचलेल्या पैशाला या तासांनी भागा आणि त्या दराने तुम्ही वर्षभर कोणाकडे काम कराल का, ते बघा. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये मांडलं होतं की वाहनं बदलली, शहरं पसरली, तरी माणूस सरासरी दिवसाला साधारण तासभरच प्रवासाला देत आला आहे. माझा अनुभवही तोच. तासाच्या पुढचा प्रवास आपण एक तर झोपेतून काढतो, नाहीतर घरच्यांच्या वाट्यातून.

पैशांबाबत एक धोक्याचा आठवडा असतो. अनामत रक्कम, पहिलं भाडं, एजंटची दलाली आणि ट्रकचे पैसे एकाच आठवड्यात जातात, आणि नवा पगार महिना संपल्यावर येतो. किमान तीन महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय मी निघणार नाही. कर्ज काढून निघालेले लोक पाहिलेत. पहिलं वर्ष त्यांचं हप्त्यातच जातं.

3. आधी चार दिवस राहून या

जमलं तर लांबचं घर फोटो पाहून घेऊ नका. निदान चार-पाच दिवस जा, आणि त्यातले दोन तरी कामाचे असू द्यात. मी एकदा रविवारी घर ते ऑफिस जाऊन पाहिलं. 25 मिनिटं लागली. खूश होऊन परतले. राहायला गेल्यावर पहिल्याच सोमवारी त्याच रस्त्याला 70 मिनिटं लागली. नकाशाच्या अॅपमध्ये निघण्याची वेळ आणि वार निवडता येतो. मंगळवार सकाळी साडेआठ टाकून बघा, आणि मग प्रत्यक्ष जाऊन या.

जाणं शक्यच नसेल तर पहिला महिना कमी मुदतीची जागा घ्या आणि सामान मागाहून बोलवा. दोनदा हलणं त्रासाचं वाटतं खरं, पण चुकीच्या घराच्या करारात वर्षभर अडकण्यापेक्षा ते बरं.

4. घर पाहताना

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

तिसऱ्या शहरात आम्ही एक घर रविवारी दुपारी बाराला पाहिलं. हवेशीर होतं, भिंती नुकत्याच रंगवलेल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत मोठं झाड. एजंट म्हणाला, 'ताई, संध्याकाळी अजून दोघं बघायला येणार आहेत.' आम्ही तिथेच टोकन दिलं. राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता ट्रक मागे घेताना वाजतो तो टीं-टीं आवाज सुरू झाला. एक ट्रक, मग दुसरा. झाडामागे गोदाम होतं, आणि रविवारी गोदाम बंद असतं. ते वर्ष आम्ही खिडक्या लावून काढलं.

जागतिक आरोग्य संघटनेने 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीतला सततचा आवाज 30 डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. फोनवरचं आवाज मोजणारं अॅप काटेकोर नसतं, पण एकाच फोनने दोन घरं मोजली तर तुलना होते. डेसिबलचं गणित सरळ नाही हेही लक्षात असू द्या: 30 चे 40 झाले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली.

तेव्हापासून मी कोणतंही घर दोनदा पाहते, एकदा दिवसा आणि एकदा कामाच्या दिवशी रात्री. आणि नुसती पाहत नाही, हात लावते:

- स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला नळ एकदम सोडा. एकाची धार बारीक झाली तर सकाळच्या घाईत काय होईल ते कळलं.
- बादलीभर पाणी मोरीत ओता आणि किती वेळात जातं ते बघा.
- कपाटाची मागची बाजू आणि खिडकीखालची भिंत हाताने चाचपा. नव्या रंगाखालची ओल डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला गार लागते.
- प्रत्येक खोलीत फोनला रेंज आहे का ते बघा. घरून काम असेल तर तिथूनच एक व्हिडिओ कॉल लावा.
- पश्चिमेकडच्या खिडक्या कुठल्या खोलीला आहेत? उष्ण प्रदेशात ती खोली दुपारनंतर तापते, थंड प्रदेशात तीच सुखाची ठरते.
- लिफ्ट बंद पडली तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतील, ते मोजा.

निघताना जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला एक प्रश्न विचारा: 'आधीचे भाडेकरू का गेले?' एजंटकडून हे उत्तर कधी मिळत नाही.

आणि सापळा: बाजारभावापेक्षा बरंच कमी भाडं, मालक 'सध्या परदेशात', किल्ली कुरिअरने पाठवतो, फक्त आधी अनामत भरा. घर आतून पाहिल्याशिवाय आणि मालकीचा कागद पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. फोटो संशयास्पद वाटले तर इंटरनेटवर फोटोवरून शोध घ्या. तोच हॉल तीन वेगळ्या शहरांत 'भाड्याने' निघालेला मी पाहिला आहे.

5. करार आणि ताबा

कराराचा प्रत्येक शब्द वाचा. घाई करणारा मालक पुढेही घाईच करतो. चार गोष्टी लेखी हव्यात: अनामत किती दिवसांत आणि कोणत्या कपाती करून परत मिळेल, मुदतीआधी सोडलं तर काय, भाडंवाढ कधी आणि किती, आणि दुरुस्त्या कोणाच्या खर्चाने. 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी' असं असेल तर किरकोळ म्हणजे किती, तो आकडा लिहून घ्या. गीझर बिघडला की हा शब्द फार मोठा होतो.

ताबा घेताना सामान आत येण्याआधी मोबाइलवर सलग एक व्हिडिओ काढा: दारापासून सुरुवात, प्रत्येक भिंत, ओरखडे, तुटकी कडी, सगळं. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे दिसतील असे फोटो घ्या आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. आधीच्या भाडेकरूचं थकलेलं बिल आमच्या नावावर येणार होतं, तेव्हा या एका फोटोने वाचवलं.

6. कागदपत्रं

नव्या शहरात एक गाठ हमखास बसते. जोडणीसाठी पत्त्याचा पुरावा लागतो, पुरावा म्हणून बिल लागतं, आणि बिल जोडणी झाल्यावरच येतं. ही गाठ बहुतेक वेळा दोन कागदांनी सुटते: रीतसर नोंदवलेला भाडेकरार आणि मालकाच्या किंवा कंपनीच्या शिक्क्याचं पत्र. म्हणून ते पहिल्या दिवशीच मिळवा.

सोबत ठेवायची यादी:

- सर्वांची ओळखपत्रं, पासपोर्ट, जन्माचे दाखले, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र
- शिक्षणाची आणि आधीच्या नोकऱ्यांची प्रमाणपत्रं, शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपावत्या
- मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं, लसीकरणाची नोंदवही
- आजारांची फाइल, चालू औषधांची चिठ्ठी, चष्म्याचा नंबर
- वाहनाची नोंदणी, विमा, चालक परवाना
- विम्याच्या पॉलिसी, बँकेची आणि कराची कागदपत्रं
- जुन्या घराचं भाडं वेळेवर दिल्याचं मालकाचं पत्र (नवे मालक यावर फार विश्वास टाकतात)
- पासपोर्ट आकाराचे फोटो, वाटतात त्याच्या दुप्पट

मूळ कागद ट्रकमध्ये कधीही ठेवू नका. ते अंगाजवळच्या पिशवीत, आणि स्कॅन केलेल्या प्रती दोन ठिकाणी. औषधांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळीचं बाजारातलं नाव ठिकाणागणिक बदलतं, आतलं औषध तेच असतं. पुरवठा महिनाभराचा न्या, मूळ पाकिटासकट.

7. सामान: काय न्यायचं, कसं न्यायचं

प्रत्येक मोठ्या वस्तूला दोन किमती असतात: ती तिथे नव्याने घेण्याची आणि ती तिथवर नेण्याची. दुसरी पहिलीच्या निम्म्यावर गेली की मी वस्तू विकते. आईने दिलेलं लाकडी कपाट याला अपवाद, तिथे हिशोब नको.

पॅकर्सवाल्यांकडून निदान तीन ठिकाणचे दर घ्या, आणि प्रत्येकाला घर दाखवा, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर. फोनवरच्या अंदाजात मजला, लिफ्ट, दारापासून ट्रकपर्यंतचं अंतर यातलं काहीच धरलेलं नसतं. मग तुमचं सामान गाडीत चढल्यावर आकडा वाढतो आणि तुम्ही अडकता. एक दर घनमीटरमध्ये आणि दुसरा घनफुटांत आला तर 1 घनमीटर म्हणजे सुमारे 35.3 घनफूट. कुरिअरने पाठवत असाल तर आकारमानावरचं वजन तपासा. अनेक कंपन्या सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची गुणून 5000 ने भागतात. 60 × 50 × 40 चा उशांचा खोका तराजूवर 5 किलो भरतो, बिलात 24 किलो.

विमा घ्या, पण कलम वाचून. आपण स्वतः भरलेल्या खोक्यांतली फूटतूट अनेक पॉलिसी धरत नाहीत. काचेच्या वस्तू त्यांच्याच माणसांना बांधू द्या.

काही बारकावे, जे मला हात पोळून कळले:

पुस्तकं लहान खोक्यांत. मोठा खोका पुस्तकांनी भरला की 30 किलोच्या पुढे जातो, आणि मग तळ जिन्यातच सुटतो. आमचा सुटला होता. दुसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत विश्वकोशाचे खंड.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, आणि उभाच न्या. आडवा झालाच तर पोहोचल्यावर लगेच चालू करू नका, काही तास उभा ठेवा. कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर यायला वेळ लागतो. बराच काळ आडवा राहिला असेल तर एक दिवस थांबा.

समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनबरोबर नवीन असताना तीन-चार लांब बोल्ट येतात. ड्रम जखडून ठेवण्यासाठी ते मागून लावायचे असतात. आम्ही ते भंगारात दिले होते. प्रवासात ड्रम आपटत राहिला आणि पोहोचल्यावर पहिल्याच धुण्याला मशीन स्वयंपाकघरभर चालत सुटलं. आणि उलटंही जपा: लावलेले बोल्ट न काढता मशीन सुरू करू नका.

पलंग, टेबल सुटं करताना त्याचे स्क्रू पिशवीत घालून त्याच फळीला चिकटपट्टीने बांधा. टीव्हीमागच्या वायरींचा फोटो काढा. पॉवर बँक विमानात चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या सामानात. 100 वॉट-तासांपर्यंत साधारण अडचण येत नाही. 20,000 एमएएचची बँक सुमारे 74 वॉट-तासांची असते.

देश बदलत असाल तर उपकरणांचा व्होल्टेज बघा. 230 व्होल्टची इस्त्री 120 व्होल्टवर कोमट होते, आणि 120 ची 230 वर लावली तर पहिल्याच दिवशी जळते. प्लगचा अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही.

8. जुना नंबर, जुना पत्ता

नवं सिमकार्ड घेतलं म्हणून जुनं लगेच बंद करू नका. बँक, कर, विमा, मेल, सगळ्यांचे ओटीपी जुन्या नंबरवर येतात. तो बंद केला की नंबर बदलण्याची विनंती मान्य करायला लागणारा ओटीपीसुद्धा त्याच बंद नंबरवर जातो! माझ्या नवऱ्याने हे करून दाखवलं आणि दोन महिने बँकेत चकरा मारल्या. आधी सगळीकडे नंबर बदला, जुना किमान सहा महिने जिवंत ठेवा, मगच सोडा.

पत्ताही असाच क्रमाने: बँक आणि विमा आधी, मग नोकरी, कर, परवाना, मतदार यादी. टपाल वळवण्याची सोय असेल तर घ्या. नसेल तर जुन्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा, निघताना नुसता निरोप घेऊ नका.

9. पहिली रात्र, पहिला आठवडा

एक पिशवी ट्रकच्या भरवशावर सोडायची नाही. त्यात अंथरूण, टॉवेल, दोन दिवसांचे कपडे, चार्जर, औषधं, साबण, विजेरी, कात्री आणि स्क्रूड्रायव्हर. कात्री विसरलात तर पहिला खोका किल्लीने फाडावा लागतो.

आठवडाभरात पाहून ठेवायच्या जागा: रात्री उघडं असणारं औषधांचं दुकान आणि जवळचं इस्पितळ (रस्त्याने जाऊन या, नकाशात पाहून नाही), घरातला पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेचा मुख्य स्विच. आपत्कालीन नंबर कागदावर लिहून फ्रीजवर लावा. बाहेरच्या दाराचं कुलूप बदलायला मालकाची परवानगी मागा. आधी किती जणांकडे किल्ल्या होत्या, कोणाला ठाऊक.

10. घरातली माणसं

नोकरी असलेल्या माणसाला ऑफिसमध्ये आयते सहकारी मिळतात. मुलांना शाळा मिळते, तरीही शक्य असेल तर शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर हलू नका. भाषा आणि अभ्यासक्रम दोन्ही बदलणार असतील तर मुलाला आधीच सांगा आणि शाळेच्या फाटकापर्यंत एकदा नेऊन आणा. पण घरातली वडीलधारी माणसं आणि नोकरी सोडून आलेला जोडीदार यांचा मंगळवार सगळ्यात मोकळा असतो, आणि त्याचा विचार सगळ्यात कमी होतो.

शेवटच्या खेपेला सासूबाईंची खोली आम्ही छान लावली, त्यांची खुर्ची खिडकीशी ठेवली. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, 'अगं, इथे आल्यापासून मला कुणी हाकच मारलेली नाही.' जुन्या गल्लीत दिवसातून दहा जण त्यांना हाका मारायचे. मी घर निवडताना सगळं पाहिलं होतं, फक्त त्यांना एकटीने चालत जाता येईल अशी जागा शोधली नव्हती. बाग दोन मोठे रस्ते ओलांडून होती. पुढच्या करारात आम्ही लहान घर घेतलं, वाचनालयाला लागून.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गेल्या सहा महिन्यांत नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या माणसांना विचारलं होतं. ओळखीचं जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात, मैत्रीला 90 च्या आसपास आणि जिवलग मैत्रीला 200 हून अधिक, असा त्यांचा अंदाज. आठवड्याला दोन तास भेटणाऱ्याशी जुजबी मैत्री व्हायलाच सहा महिने लागले. म्हणजे दोन महिन्यांत 'इथे आपलं कुणीच नाही' वाटलं तर तुमच्यात किंवा शहरात खोट शोधू नका. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी जा: वाचनालय, पोहणं, गाण्याचा वर्ग, काहीही. दरवेळी नव्या जागी गेलात तर प्रत्येकाबरोबरचे तास शून्यापासून सुरू होतात.

11. एक तारीख लिहून ठेवा

करार संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख आजच फोनमध्ये टाका. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला त्याचा मंगळवार विचारा, मुलांनाही. जागा बदलायची ठरली तर नोटिशीची मुदत अजून हातात असेल, आणि ताबा घेतानाचा तो व्हिडिओ शोधून ठेवा. अनामत परत मागताना लागेल.